परतीची वाट बंद करणारं अपडेट



गेल्या महिन्यात माझा प्रोग्रेस सेमिनार झाला. पीएचडी करणाऱ्यांच्या पोटात हा शब्द ऐकूनच गोळा येतो. बाकीच्यांनी दर सहा महिन्यांनी येणारी तोंडी परीक्षा समजा. माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे मोजायचं कसं. मी स्लाइडवर चार मापं मांडली. ॲप किती वेळा क्रॅश होतं, टेस्ट कोडचा किती भाग तपासतात, बटण दाबल्यावर प्रतिसाद किती वेळात येतो, आणि नोंदवलेले बग किती दिवसांत दुरुस्त होतात.

समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "अगं, हे चारही आकडे छान आले आणि तरी लोकांनी ॲपला शिव्या घातल्या, असं होऊ शकतं का?"

"थिअरीत होऊ शकतं, मॅडम," मी म्हणाले.

"थिअरी राहू दे. एक उदाहरण दे."

मला तेव्हा सुचलं नाही. रात्री हॉस्टेलवर जेवताना सुचलं, म्हणजे नेहमीप्रमाणे चार तास उशिरा. ते उदाहरण म्हणजे सोनोस या अमेरिकन कंपनीचं २०२४ सालचं ॲप. आजचा लेख त्या ॲपवरची टीका आहे, आणि थोडीफार माझ्या स्वतःच्या चार मापांवरचीही.

आधी यंत्राची ओळख

सोनोस ही २००२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरामध्ये सुरू झालेली कंपनी. घरातल्या प्रत्येक खोलीत एक स्पीकर, सगळे वाय-फायने जोडलेले, आणि हवं तर सगळीकडे एकच गाणं एकाच वेळी, ही त्यांची कल्पना. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात खरं इंजिनिअरिंग आहे. दोन खोल्यांतले स्पीकर थोडे जरी मागेपुढे झाले तरी कानाला प्रतिध्वनी जाणवतो. म्हणून हे स्पीकर आपापली घड्याळं सतत एकमेकांशी जुळवत राहतात.

२००५ मध्ये पहिलं यंत्र बाजारात आलं तेव्हा स्मार्टफोन आजच्यासारखे नव्हते. त्यामुळे कंपनीने बटणं, गोल चक्र आणि छोटा पडदा असलेला स्वतःचा रिमोट बनवला होता. पुढे फोन आले, रिमोट गेला, आणि ॲप हाच रिमोट झाला. हा बदल नीट लक्षात ठेवा. स्पीकरवर आवाज कमी-जास्त करायला आणि गाणं थांबवायला जागा आहे. पण खोल्या जोडणं, गाण्यांची रांग लावणं, सकाळचा गजर लावणं, नवा स्पीकर बसवणं या सगळ्याला ॲप लागतं. पैसे तुम्ही स्पीकरचे देता, पण तो वापरण्याची किल्ली ॲपमध्ये असते.

आणि अशी घरं थोडीथोडकी नाहीत. कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांनुसार दीड कोटींहून जास्त.

७ मे २०२४

या दिवशी कंपनीने जुनं ॲप काढून पूर्ण नव्याने लिहिलेलं ॲप दिलं. जुन्या ॲपची सुधारित आवृत्ती नव्हे, पायापासून नवीन. दिसायला ते सुटसुटीत होतं. मुख्य पानावर आपल्या आवडीच्या गोष्टी मांडता येत होत्या.

पण लोकांनी उघडून पाहिलं तर रोजच्या वापरातल्या गोष्टी गायब! गजर लावता किंवा बदलता येईना. झोपताना ठरावीक वेळाने गाणं बंद करणारा टायमर नाही. लावलेल्या गाण्यांची रांग बदलता येईना. ज्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या सीडी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या त्यांना त्या संग्रहात शोध घेता येईना. आणि सर्वांत वाईट म्हणजे, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या आधारे ॲप वापरणाऱ्या अंध लोकांसाठी नवं ॲप जवळजवळ निरुपयोगी झालं. डोळसांना बटण दिसत होतं, पण ते बटण स्वतःचं नावच सांगत नव्हतं.

याशिवाय नेहमीचे बग होतेच. स्पीकर सापडत नाही, मध्येच नाहीसा होतो, आवाजाची पट्टी सरकवल्यावर उशिराने परिणाम होतो. हा शेवटचा त्रास किरकोळ वाटेल, पण तसा नाही. मानव-संगणक संवादाच्या अभ्यासात एक जुना अंगठेनियम आहे. प्रतिसाद साधारण ०.१ सेकंदात आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. जेकब नील्सनने १९९३ च्या पुस्तकात तो मांडला, आणि त्याचं मूळ त्याहून जुनं, १९६८ च्या रॉबर्ट मिलरच्या निबंधात आहे. आवाजाच्या पट्टीला सेकंदभर उशीर झाला की माणूस काय करतो? त्याला वाटतं बोट लागलंच नाही. तो पुन्हा सरकवतो. मग दोन्ही आज्ञा एकदम पोचतात आणि रात्री अकरा वाजता घर दणाणतं.

गदारोळ झाल्यावर कंपनीच्या उत्पादनप्रमुखांनी सुरुवातीला असा सूर लावला की सगळं नव्याने उभारायला धैर्य लागतं. असेल. पण धैर्य कंपनीचं आणि जोखीम गिऱ्हाइकाची, याला काय म्हणायचं?

माझी चार मापं इथे काय म्हणतील?

आता मुद्द्यावर येते. या ॲपच्या तक्रारींचे दोन ढीग करा.

पहिल्या ढिगात बग: स्पीकर न सापडणं, उशीर, अडखळणं. ही माझ्या मापांत सापडतील. प्रतिसादाचा वेळ वाढलेला दिसेल, बगची यादी लांबलेली दिसेल.

दुसऱ्या ढिगात गायब झालेल्या सोयी. इथे गंमत बघा. जी सोय ॲपमध्ये नाहीच ती क्रॅश कशी होणार? जो कोड काढून टाकलाय तो "टेस्टने न तपासलेला" म्हणून मोजलाच जात नाही. म्हणजे सोयी काढल्या तर टेस्टची टक्केवारी उलट वाढू शकते! ज्या टायमरचं बटणच नाही त्याला उशीर होत नाही. आणि गजर मुळात नव्या आराखड्यात नसेल, तर तो नसणं हा बग ठरत नाही. एखाद्या दुकानदाराने निम्मा माल काढून टाकावा आणि मग "आमच्या दुकानात एकही वस्तू खराब नाही" अशी पाटी लावावी, तसं हे.

तुम्ही म्हणाल, याला काही आंतरराष्ट्रीय मानक असेलच की. आहे. आयएसओ २५०१० नावाचं. २०११ च्या आवृत्तीत सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे आठ गुण होते, २०२३ मध्ये सुरक्षिततेचा आणखी एक गुण वाढवून नऊ केले. त्यातला पहिलाच गुण कामाची पूर्तता पाहतो: सांगितलेली कामं सॉफ्टवेअर पूर्ण करतं का? चांगला प्रश्न आहे, पण "सांगितलेली" या शब्दात सगळी मेख आहे. कोणी सांगितलेली? कोणत्या कागदावर? नव्या आवृत्तीचा कागद नवा असेल तर कालच्या कामांना तिथे जागाच नाही.

आमच्या क्षेत्रात काल चालणारी गोष्ट आज न चालण्याला रिग्रेशन म्हणतात, आणि ते पकडायला रिग्रेशन टेस्टिंग असतं: प्रत्येक बदलानंतर जुन्या सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या. पण पायापासून नवं लिहिताना बऱ्याचदा जुन्या टेस्टही जुन्या कोडबरोबर बाहेर पडतात. पहारेकरी आणि घर दोन्ही एकाच दिवशी बदललं तर चोरी काय झाली हे सांगणार कोण?

नव्याने लिहिण्याचा मोह

हा मोह नवा नाही. २००० साली जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरने यावर एक गाजलेला लेख लिहिला. नेटस्केप या तेव्हाच्या बड्या ब्राउजर कंपनीने सगळा कोड नव्याने लिहायला घेतला, त्यात तिची सुमारे तीन वर्षं गेली, आणि तेवढ्यात बाजार मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: जुना कोड कुरूप दिसतो, कारण त्यातली प्रत्येक विचित्र ओळ कधीतरी कुणाच्या तरी खऱ्या अडचणीवरचा उपाय असते. नव्याने लिहिताना आपण ते सगळे उपाय फेकतो आणि त्या सगळ्या अडचणी पुन्हा विकत घेतो.

सोनोसच्या बाबतीत हे शब्दशः पाहता येतं. फोनने घरातले स्पीकर शोधायचे कसे? जुनी पद्धत अशी की फोन वाय-फायवर एका ठरलेल्या सामायिक पत्त्यावर आरोळी देतो, "कोण कोण आहे?" आणि स्पीकर उत्तर देतात. या पद्धतीचं नाव एसएसडीपी. दुसरी पद्धत एमडीएनएस. तीही आरोळीच, फक्त पत्ता वेगळा आणि भाषा वेगळी. नव्या ॲपची वाहतूक तपासणाऱ्या बाहेरच्या अभियंत्यांनी लिहिलं की शोधण्याची पद्धत पहिलीवरून दुसरीवर गेली, आणि पूर्वी घरातल्या घरात होणारी काही कामं आता कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून होऊ लागली. प्रयोगशाळेतल्या चांगल्या राउटरवर दोन्ही पद्धती चालतात. पण लोकांच्या घरी एक राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला, दुसरा स्वतः आणलेला, मध्ये भिंती, असा मामला असतो. अशा जाळ्यात सामायिक आरोळी अनेकदा अडते. जुन्या ॲपने वर्षानुवर्षं या वाकड्या घरांशी जुळवून घेतलं होतं.

टेस्टिंग तरी किती करणार, हा प्रश्न रास्त आहे. समजा दहा प्रकारचे स्पीकर, वीस प्रकारचे फोन आणि तीस प्रकारचे राउटर आहेत. सगळ्या जोड्या तपासायच्या तर १० × २० × ३० = ६००० प्रकार. आम्ही यावर "जोडीने तपासणी" नावाची युक्ती शिकवतो: प्रत्येक दोन गोष्टींची जोडी निदान एकदा तपासली जावी. तरीही कमीत कमी २० × ३० = ६०० प्रकार उरतात. म्हणून तर शहाणे लोक बदल एकदम सगळ्यांवर सोडत नाहीत. आधी थोड्या घरांत, मग आणखी थोड्या.

वडाची पद्धत

मग जुनं कधी बदलायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. सोनोसची बाजूही ऐकली पाहिजे. जुना कोड खरोखर थकला होता, नवी सोय घालणं अवघड झालं होतं, आणि कंपनी नव्या प्रकारची यंत्रं आणत होती. ॲपनंतर दोनच आठवड्यांनी, २१ मे रोजी, त्यांनी ४४९ डॉलरचा पहिला हेडफोन जाहीर केला. अमेरिकन बातम्यांनी या दोन तारखांचा संबंध जोडला, आणि तो जोडण्याजोगा होताच.

पण बदलण्याची दुसरी रीत उपलब्ध होती. मार्टिन फाउलरने २००४ मध्ये तिला एका झाडाचं नाव दिलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलात त्याने दुसऱ्या झाडावर वाढणारी अंजीरवर्गातली झाडं पाहिली. आपल्याला यासाठी ऑस्ट्रेलियाला जायला नको. वड आणि पिंपळ त्याच कुळातले. पक्ष्याने टाकलेलं बी दुसऱ्या झाडाच्या खोबणीत रुजतं, मुळं हळूहळू जमिनीपर्यंत उतरतात, आणि नवं झाड स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत जुनं झाड त्याला धरून ठेवतं. सॉफ्टवेअरमध्येही एक एक सोय नव्या कोडवर न्यायची, ती टिकली की पुढची, आणि तोवर जुनं चालू ठेवायचं. याला वेळ लागतो, दुप्पट देखभाल लागते आणि जाहिरातीत दाखवण्यासारखं काही नसतं. पण गजर वाजत राहतो.

आणि ही कंपनी असं करू शकत होती, याचा पुरावा तिच्याच इतिहासात आहे. २०२० मध्ये जुन्या स्पीकरना नवी अपडेट देणं बंद करायचं ठरलं तेव्हाही लोक भडकले होते. तेव्हा कंपनीने ॲप दोन केले: नव्या यंत्रांसाठी एस२ आणि जुन्यांसाठी एस१. आदर्श तोडगा नव्हता, पण जुन्या गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा होती.

२०२४ मध्ये ती जागाच ठेवली नाही. लोकांनी विनवण्या केल्या की नवं दुरुस्त होईपर्यंत जुनं ॲप परत द्या. ऑगस्टमध्ये तेव्हाचे मुख्याधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांनी सांगितलं की ते शक्य नाही. बदल फक्त फोनवर नव्हता. स्पीकरच्या आतलं आणि सर्व्हरवरचं सॉफ्टवेअरही बदललं होतं, आणि जुनं ॲप परत आणलं तर अडचणी आणखी वाढतील असं तपासात दिसलं.

माझ्या मते या ॲपचा सगळ्यात मोठा दोष हाच. गजर नसणं हा दोष दोन आठवड्यांत भरून निघतो, आणि तसा तो निघालाही. पण तीन ठिकाणचं सॉफ्टवेअर अशा रीतीने बदलायचं की मागे फिरताच येऊ नये, हा निर्णय कुणीतरी शांतपणे, आधी घेतलेला असतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं ठरवलं, तेही दुसऱ्याच्या हातचं.

हिशेब

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २५ जुलैला स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की दुरुस्तीला दोन ते तीन कोटी डॉलर लागतील आणि तयार होत आलेली दोन उत्पादनं पुढे ढकलली जातील. त्याच महिन्यात सुमारे शंभर जणांच्या नोकऱ्या गेल्या. ऑक्टोबरमध्ये वचनांची यादी आली: सोडण्याआधी जास्त कडक तपासणी, मोठे बदल हळूहळू, गुणवत्तेसाठी लोकांचं म्हणणं वरपर्यंत नेणारा एक अधिकारी, वॉरंटीत एक वर्षाची वाढ. १३ जानेवारी २०२५ ला स्पेन्स पायउतार झाले.

ती यादी मी दोनदा वाचली. त्यात नवं तंत्रज्ञान काहीच नाही. हळूहळू सोडा, आधी तपासा, वापरणाऱ्यांचं ऐका. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला हेच शिकवतात. म्हणजे ज्ञान कमी नव्हतं. "थांबा, हे तयार नाही" हे आकड्याने दाखवता येईल असं माप निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर असतं तर, असं मला राहून राहून वाटतं. आणि असं माप बनवणं हे माझ्यासारख्यांचं काम आहे.

मग मी काय बदलतेय?

मी आराखड्यात दोन मापं वाढवली आहेत. पहिलं: कालची कामं. जुन्या आवृत्तीत लोक प्रत्यक्ष काय काय करत होते त्याची यादी करायची, कोडवरून नाही, वापरावरून. ती यादी नव्या आवृत्तीवर चालवायची. किती कामं होतात, किती जास्त पायऱ्यांनी होतात, किती होतच नाहीत? आणि हे डोळे मिटूनही, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीसह. इथे एक अडचण आहे. फक्त संख्येने मोजलं तर अंध वापरकर्ते कायम अल्पसंख्य ठरतील आणि सरासरीत बुडतील. म्हणून हे माप सरासरीने काढायचं नाही, सगळ्यात जास्त नुकसान झालेल्या गटावरून काढायचं. यावर समितीत वाद होणार हे मला दिसतंय.

दुसरं: परतीची वाट. अपडेट फसलं तर कालच्या स्थितीला यायला किती तास लागतील? उत्तर "येताच येणार नाही" असेल, तर बाकीचे आकडे कितीही छान असले तरी ते अपडेट सोडायचं नाही.

आणि तुमच्यासाठी, कारण आता स्पीकरच नाही, दिवे, पंखे, गीझरसुद्धा ॲपवर चालतात. असं काही घेताना दुकानात तीन गोष्टी विचारा. घरचं इंटरनेट बंद पडलं तर हे चालतं का? ॲपशिवाय वापरायला दुसरा मार्ग आहे का, निदान एक खरं बटण? आपोआप होणारं अपडेट थांबवता येतं का? दुकानदार गोंधळला तरी विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तो पुढच्या वेळी कंपनीच्या माणसाला विचारेल.

मॅडमना मी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन उदाहरण सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मग तुझ्या त्या चार मापांचं काय करणार आहेस?"

ठेवणार आहे. ती चुकीची नाहीत, अपुरी आहेत. पण चॅप्टर तीन मात्र पुन्हा लिहावा लागणार, आणि तो मी पायापासून नव्याने लिहिणार नाहीये. जुन्याची एक प्रत जपून ठेवली आहे.

पुढच्या लेखात: एकदा पास, एकदा नापास होणाऱ्या लहरी टेस्ट. तोवर, तुमच्या घरातल्या कुठल्या ॲपने तुमची कालची सोय काढून घेतली ते आठवून ठेवा.